गिरिजाबाईच्या अंगणातली लिंबाची फळी

मी फळी बोलतेय. कडुलिंबाची आहे, तेव्हा बोलण्यात कुठं कडवटपणा आला तर मनावर घेऊ नका, तो अंगचाच गुण आहे.

वडीगोद्रीच्या बौद्धवाड्यात, गिरिजाबाईच्या अंगणात, चार दगडांवर माझं ठाण. कंबर धरलेली, पाठ अडकलेली, उसण भरलेली माणसं माझ्यावर पालथी पडतात. पालथ्या माणसाचं तोंड अगदी माझ्या कानाशी येतं. त्यामुळे कोणाच्या सुनेनं अबोला धरलाय आणि कोणाच्या पोराला अंबडची मुलगी सांगून आली, हे मला आयतं कळतं. मी विचारायला जात नाही हो. पण कानावर आलेलं सोडून द्यायला मी काही दगड नाही.

माझा जन्म शहागडच्या बाजूचा. एका बांधावर मोठं लिंब होतं. ते वादळात आडवं झालं आणि सुतारानं त्याच्या पोटातून मला काढलं. साडेसहा फूट लांब, दीड फूट रुंद, एकही गाठ नाही. सुतार माझ्यावरून हात फिरवून म्हणाला होता, दार होईल हिचं. मला पण तेच वाटलं होतं. दार म्हणजे घराची अब्रू. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायची केवढी सोय.

पण नशीब दुसरीकडंच होतं. मला नेलं ते सडकेच्या कडेला, जिथं मालमोटारी भरायच्या तिथं. माझं एक टोक जमिनीवर आणि एक मोटारीच्या फाळक्यावर. पाठीवर सरकीचं पोतं घेऊन हमाल माझ्यावरून चढायचे. चढताना टाच कशी रुतते, गुडघा कसा थरथरतो आणि कंबर कशी कण्हते, हे मी तिथं शिकले. माझ्यावरून चढून कितीजणांच्या कंबरा गेल्या असतील! त्यात माझा दोष नव्हता, तरी सांगताना आजही बरं वाटत नाही.

त्या हमालांत पुंजाराम होता. काटकुळा, पण बोलण्यात वस्ताद. बहात्तरचा दुष्काळ सरून पहिला चांगला माल निघाला होता. एका दुपारी पोतं घेऊन अर्ध्या वाटेवर आला आणि त्याच्या कंबरेत असं काही भरलं, की तो माझ्यावरच आडवा झाला. बसता येईना, वळता येईना. त्याला हात लावला की ओरडायचा. शेवटी चौघा हमालांनी मला चार कोपऱ्यांनी उचललं आणि त्याच्यासकट घरी आणलं. वाटेत लोक उभे राहिले, तर हा पालथा पडूनच म्हणतो, "बघता काय, पालखी चालली."

अशी मी गिरिजाबाईच्या घरी आले. ती पुंजारामची बायको. मोटारीच्या मालकानं पुढं दुसरी फळी आणली आणि मला न्यायला कोणी आलंच नाही.

त्या दुपारी गिरिजाबाईनं नवऱ्याच्या कंबरेवर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला आणि थांबली. मग बोटं पाठीच्या कण्याकडेनं चालली, जसं अंधारात माणूस भिंत चाचपत जातो. एका ठिकाणी येऊन थबकली. तिनं त्याला हळूच कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढं दुमडला, एक हात खांद्यावर, एक ढुंगणावर. म्हणाली, श्वास सोडा. त्यानं सोडला आणि तिनं एक हलका झटका दिला. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तो माझ्या अंगातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. हमालांचा भार मी खूप सोसला होता. हात काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता गंमत ऐका. गिरिजाबाईचं नाव पंचक्रोशीत होतं, पण ते हातांसाठी नव्हतं. पायासाठी होतं.

बाळ जन्माला येताना डोकं आधी येतं. एखादं पाय आधी काढतं. ते पायाळू. आपल्याकडं समज असा, की उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळूनं डावा पाय तीन वेळा लावला, की उसण उतरते. आणि दुसरा समज असा, की पायाळूवर वीज पडते. म्हणून गिरिजाबाई लहान असताना आभाळ गडगडलं की आई तिला घरात कोंडायची आणि कोणाची कंबर धरली की लोक तिला खांद्यावर बसवून न्यायचे. पाच वर्षांची पोर, मोठमोठ्या माणसांच्या पाठीवर पाय ठेवायची. गावातल्या बड्या घरांतसुद्धा. एरवी त्या घरांच्या ओट्यापाशी तिच्या बापाला चपला हातात घ्याव्या लागायच्या. पायाचं मात्र कोणाला वावडं नव्हतं. लोक म्हणायचे, पाय देवाचा, हात माणसाचा.

वर्षानुवर्षं पाय लावता लावता तिच्या टाचेला पाठी कळायला लागल्या. कुठं ताठलंय, कुठं गाठ आहे, कुठं नुसतं भ्यालेलं आहे. टाचेला कळलं ते मग बोटांनी शिकून घेतलं. वाड्यातली माणसं, रानात निंदायला जाणाऱ्या बाया, हमाल, सगळ्यांना ती हातानं बघायची. वरच्या गल्लीतला माणूस आला, की माझ्यावर पालथा पडायचा आणि ती लुगडं सावरून डावा पाय उचलायची. मी दोन्ही सोसलंय म्हणून सांगते. पायानं माणूस खूश होऊन जायचा. हातानं बरा होऊन जायचा.

याच गोष्टीवरून तिचं आणि लेकीचं वाजायचं. सत्यशीला बदनापूरला शाळेत शिकवायची. सुट्टीला आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर माझ्यावर जायची. आपण दीक्षा घेतली, हे पायाळू-बियाळू मागं टाकलं, मग आपल्याच अंगणात हे कशाला, असं तिचं म्हणणं. शिवाय ती हिशेबानं बोलायची. उसण तशीही चार दिवसांत उतरते आणि लोक तुला बोलावतात तिसऱ्या दिवशी.

"मंग माणसं बरी होऊन राह्यली ते खोटं हाय का?" गिरिजाबाई विचारायची.

"खरं हाय. पण ते तुझ्या हातानं. त्यांला हातच लाव ना सरळ."

"हातानं कोण घेतंय गं. पाय जन्माचा हाय, त्याला कोणी न्हाई म्हणत न्हाई. हात माझा हाय."

एवढं बोलून ती शेळीला पाला टाकायला उठायची. मला वाटतं, तिला पाय आवडत होता असं नाही. पण त्या पायावर तिचा विश्वास होता. आपल्याला हे काहीतरी जन्मताच मिळालंय, म्हणून लोक आपल्या दारी येतात, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. हात म्हणजे तिला त्या पायामागून आलेलं काहीतरी वाटायचं, जसं गाईमागं वासरू येतं.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात तातेराव आले. वरच्या गल्लीतले, चाळीस एकरांचे धनी, गिरिजाबाईच्याच वयाचे. विहिरीवर इंजिन सुरू करताना हँडल मारायला वाकले आणि वर आलेच नाहीत. अंबडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जालन्याला फोटो काढला, हाड शाबूत निघालं. पडून राहा म्हणाले. तातेराव तीन आठवडे असे पडून राहिले, की कंबर दाराच्या कडीसारखी वाकडी होऊन बसली.

याआधी दोनदा त्यांनी गिरिजाबाईचा पाय घेतला होता आणि दोन्ही वेळा उसण उतरली होती. म्हणून या वेळी गाडीत गादी घालून त्यांना आणलं. सोबत बायको पुष्पाबाई आणि दोन गडी. रविवारची सकाळ होती. रविवारी बाहेरगावची माणसं यायची, त्यामुळे अंगण भरलेलं. सत्यशीला सुट्टीला आलेली, उंबऱ्यात बसून वही तपासल्यासारखं करत होती. भिंतीच्या सावलीला चांगुणामाय सुपारी कुटत होती. ही गावची जुनी सुईण, ऐंशीच्या घरातली. निम्म्या गावाची नाळ हिनं कापलेली.

गिरिजाबाईनं आधी विचारलं, पायाला मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास, ताप? हे ती सगळ्यांना विचारायची. एकदा एका म्हाताऱ्याला तिनं हात न लावता सरळ दवाखान्यात पाठवलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. तातेराव म्हणाले, तसलं काही न्हाई, तू पाय लाव जल्दी.

तिनं डावा पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. तातेरावांनी उठायला बघितलं आणि कण्हून परत माझ्यावर पडले. तिनं पुन्हा लावला. टाच जरा दाबून, जरा खाली सरकवून. मला कळत होतं, तिला जागा सापडलीय. पण तीन आठवड्यांची गाठ टाचेनं सुटणारी नव्हती. तिथं बोटं लागत होती.

पुष्पाबाई घाबरल्या होत्या. घाबरलेलं माणूस बोलू नये ते बोलतं. त्या म्हणाल्या, पायातला गुण गेला की काय? मागं लेकीकडं जाऊन आली बदनापूरला, तिकडं काही विटाळलं असंल.

सुपारी कुटायची थांबली.

"तिच्या पायाला कशाला दोष देती गं पुष्पे," चांगुणामाय म्हणाली. "तिचा पाय पायाळू नव्हताच कधी. पायाळू तर हा पालथा पडलाय तो."

सगळ्यांच्या माना आधी म्हातारीकडं वळल्या, मग माझ्यावर पालथ्या पडलेल्या तातेरावांकडं. 

मग म्हातारीनं सगळं सांगितलं. आता किती दिवस राहिलेत, पोटात घेऊन कुठं जाऊ, म्हणाली. त्या दिवशी गावात दोन बाळंतपणं झाली होती. सकाळी तातेराव, दुपारी गिरिजा. तातेराव पायानं आले. त्यांच्या आजीनं चांगुणामायचा हात धरला, विजेचं बालंट पोराच्या मागं नको, बाहेर बोलू नको, म्हणून लुगडं दिलं. पण म्हातारी तेव्हा जवान होती आणि तोंडाची हलकी. ओढ्यावर हात धुताना बायांना बोलून गेली, आज एक पायाळू झालं. बायांनी विचारलं, कोणाचं? आजीनं दिलेलं लुगडं तर अंगावर होतं. मग दुसरं नाव घ्यावं लागलं. गिरिजाची आई पहिलटकरीण, बाळंतपणात शुद्ध हरपलेली. सुईण म्हणते तर असंल, म्हणाली. नाव पडलं ते पडलं.

"आठव की रे तातेराव," म्हातारी म्हणाली, "आभाळ आलं की तुझी आजी तुला कणगीमागं बसवायची का न्हाई?"

 तातेरावांच्या कानशिलाला घाम आला, तो मला लागला. त्यांना आठवलं होतं.

पुंजारामला राहवलं नाही. "म्हंजी दादा, तुम्ही सवताच्या पाठीत सवताच लाथ घातली असती, तर गाडी जुपायचा बी तरास वाचला असता."

दोघंतिघं फिस्सकन हसले. तातेरावांना पण हसू आलं, आणि हसण्यानं अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. हसवू नको रे, म्हणाले.

गिरिजाबाई मात्र हसली नाही. तिनं पाय खाली ठेवला होता, लुगड्याचा काठ सोडला होता आणि आपल्या डाव्या पायाकडं ती अशी बघत होती, जसं घरात कोणी परकं माणूस येऊन बसावं. मग ती आत गेली.

पुष्पाबाईंनी गड्यांना खूण केली. पण त्यांनी हात लावला की तातेराव ओरडायचे. तेव्हा ते तिथंच राहिले, चाळीस एकरांचे धनी, बौद्धवाड्यात माझ्यावर पालथे. कुडापलीकडं बघे जमले.

आतलं मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी आधीच सांगितलंय, माझा स्वभाव.

"सत्यशीले, मंग इतके दिवस मी कोण होते गं?" गिरिजाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक. "लोकांनी कोणाला बोलावलं?"

या पोरीकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. पायाळूवर तर तिनं कितीदा तरी भाषण दिलं असेल. आता ती खरी ठरली होती. पण आतून आला तो भांड्याचा आवाज. तिनं करडीचं तेल वाटीत ओतलं असावं, कारण गिरिजाबाई बाहेर आली तेव्हा वाटी तिच्या हातात होती आणि लेक तिच्या मागं उभी होती.

ती माझ्याजवळ येऊन तातेरावांच्या डोक्याशी बसली, त्यांना तिचं तोंड दिसावं म्हणून.

"दादा, पाय तर तुमचा निघाला. माझ्यापाशी आता हे हातच राह्यले. लावू, का गाडी जुपायला सांगू?"

पुष्पाबाईंनी कुडाकडं बघितलं. तिथं वरच्या गल्लीतले चारपाच जण होते. तातेरावांनी मान वळवता येईल तेवढी वळवली.

"हे हाताचं कव्हापासून करती तू?"

"दुष्काळ सरल्यापासून. ह्यांच्यापासून सुरू केलं, मंग इथल्या समद्यांला."

"आन् मला दोन्ही बार पायच?"

"तुम्ही पायच मागितला."

 तातेरावांचा श्वास माझ्यावर आपटत होता. माणसाला आपल्या कंबरेपेक्षा आपली अब्रू जास्त दुखते, हे मी पुष्कळ पाहिलंय. लहानपणापासून ते तिला गिरजे म्हणायचे. आता ते हळू आवाजात म्हणाले, "लावा, गिरिजाबाई."

तिनं हातावर तेल घेतलं.  पहिल्यांदा बोटं ठेवली तेव्हा मला भीती वाटली, की ही आता उचलणार. पण पाठ म्हणजे पाठ. तिथं गाठ होती, आणि गाठ सापडल्यावर गिरिजाबाईच्या बोटांना दुसरं काही सुचत नाही. तिनं निवांत चोळलं, कडक झालेलं मऊ होईपर्यंत. इंजिन कोणत्या कंपनीचं, पाणी किती इंचाचं पडतं, असं काहीबाही विचारत राहिली. माणूस बोलायला लागला की त्याची कंबर ऐकायला लागते. मग कुशीवर घेतलं, गुडघा पुढं, एक हात खांद्यावर, एक ढुंगणावर. श्वास सोडा म्हणाली. तातेराव इंजिनाच्या नावात अर्ध्यावर असताना तिनं झटका दिला.

कट्‌ झालं. ते अंगणभर ऐकू गेलं.

तातेराव लगेच ताठ उभे राहिले आणि नाचायला लागले, असं मी सांगणार नाही. तसं होत नसतं. ते गड्याच्या खांद्याला धरून उठले. अजून वाकडेच होते, पण आले तेव्हापेक्षा निम्मे. गिरिजाबाईनं सांगितलं, आता पडून राहायचं न्हाई, रोज बांधापर्यंत चालायचं, आणि अजून चार बार यायचं. ते चार वेळा आले. चौथ्या वेळी चालत आले.

पण मी तुम्हाला तातेरावांची गोष्ट सांगायला बसले नाही. त्यांची कंबर सुटली. गिरिजाबाईचं काय?

पुढच्या रविवारी बाहेरगावचं कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गोष्ट सगळीकडं पसरली होती. लोक सरळ तातेरावांच्या दारात जाऊन बसले होते, दादा, तेवढा पाय लावा. पहिल्या दिवशी तातेरावांनाही जरा बरं वाटलं असणार, खोटं कशाला बोला. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर त्यांनी डावा पाय उचलला, आणि उचलला तसा त्यांच्याच कंबरेत चमक भरली. पुन्हा गाडी जुपली, पुन्हा माझ्यावर पालथे. पुंजारामनं त्या दिवशी काही न बोलता नुसती तंबाखू पुढं केली. ते जास्त लागलं.

गिरिजाबाई हसायची सगळ्यांबरोबर, पण तिचा हात बदलला होता. वाड्यातली माणसं येत होती, ती बघत होती, पण जिथं बोटं आपोआप जायची तिथं आता विचारत विचारत जायची. इथं का? का इथं? मला ते सोसवेना. पोतं घेऊन चढणारा हमाल मध्येच पायाखाली बघायला लागला, की समजावं, हा आता पडणार. तिनं मला एकदा उचलून भिंतीशी टेकवूनही ठेवलं. पुढचा रविवार येईपर्यंत दोन दिवस मी तशीच उभी होते. सत्यशीला शाळेला जायच्या आधी काही बोलायला गेली, तर तिनं लेकीला भाकरी बांधून दिली आणि गाडीची वेळ सांगितली.

तिसऱ्या रविवारी, ऊन चढल्यावर, पुष्पाबाई आल्या. एकट्या, डोक्यावर पदर घट्ट. गिरिजाबाईला वाटलं, दादांचं काही झालं. उठून विचारलं, तर त्यांनी मान हलवली. अंगणात कोणी नाही हे बघितलं. त्या दिवशी बोलले ते माझं चुकलं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला बी दुखतंय."

"कव्हापासून, वैनी?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

त्यांचा धाकटा तेव्हा अकरावीला होता.

"आन् बोलल्या न्हाई?"

"कोणाला बोलू? पाय लावायला घरची माणसं पुरुषालाच आणतात. बाईची कंबर दुखली तर म्हणतात, समद्याच बायांची दुखती."

गिरिजाबाईनं मला भिंतीपासून काढलं, दगडांवर ठेवलं, पदरानं पुसलं. पुष्पाबाई पालथ्या झाल्या. बाईमाणूस माझ्यावर पडताना अजूनही आधी कपडे सावरतं, मग कंबर. गिरिजाबाईनं हात ठेवला आणि थांबली. या वेळी तिनं बोटांना काही विचारलं नाही. ती गेली, चाचपत, कण्याकडेनं, आणि एका जागी थबकली.

"इथं."

"व्हय माय, इथंच," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. दुखलं म्हणून नाही. एवढ्या वर्षांत त्या जागेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. गिरिजाबाईनं त्यांना रडू दिलं. तिचा हात तसाच होता, जड आणि गरम. तो हात आता पुन्हा तिचा झाला होता. मला माझ्या पोटातून ते कळलं.

पुढं पुष्पाबाईंनी जावेला सांगितलं, जावेनं माहेरी सांगितलं. बायांच्या गोष्टीला पसरायला ओढा लागत नाही. आता माझ्यावर पुरुषांपेक्षा बायाच जास्त पडतात. कोणी पहाटेपासून पाणी ओढते, कोणी कापसाला वाकते. वाड्याबाहेरच्या बायांच्या पाठी मला आधी माहीतच नव्हत्या.

परवा बदनापूरकडचा एक माणूस माझ्यावर पालथा पडून सांगत होता. सडकेवर हॉटेलात त्यानं विचारलं म्हणे, इथं पायाळू बाई कुठं राहते? बाकावर एक तालेवार गृहस्थ चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "पायाळू मी हाय. तुमची कंबर दुखत असंल तर पुढं जा, गिरिजाबाईच्या घरी. तिथं बराबर काम होतं."

गिरिजाबाईनं ऐकलं.  हातावर तेल घेतलं.

आता एकोणऐंशी साल लागलंय. माझ्या मधोमध एक चीर गेली होती, पुंजारामनं तिला लोखंडी पट्टी ठोकून दिली. पावसाळ्यात मी जरा फुगते, उन्हाळ्यात कुरकुरते. सुतारानं बघितलं तर दार करायच्या लायकीची राहिले नाही म्हणेल. म्हणू दे.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर या. एक गोष्ट मात्र माझी ऐका. बरं वाटलं म्हणून तटकन उठून बसू नका. घाईत उठलात आणि परत भरली, तर नाव तिच्या हातांचं जाईल, आणि ते फार दिवसांनी तिला मिळालंय. आधी कुशीवर वळा. पाय खाली सोडा. माझ्यावर हात टेका, भार द्या, मग सावकाश उठा.

लाजू नका. मी घट्ट आहे.